महिन्याच्या हिशेबात बचतीला जागा कशी काढायची

बहुतेक घरांचं बजेट कागदावर व्यवस्थितच असतं. पगार इतका, भाडं इतकं, किराणा इतका, शेवटी तीन-चार हजार उरतात. तरी वर्षाअखेर खात्यात काही दिसत नाही. मग घरात एकमेकांच्या खर्चावर बोट ठेवणं सुरू होतं. उधळपट्टी असेलच असं नाही. हिशेब महिन्याचा मांडलेला असतो आणि खर्च वर्षाचे येतात, हे खरं दुखणं. जूनमध्ये शाळा, मग गणपती, मग दिवाळी, मार्चमध्ये विम्याचा हप्ता, मे महिन्यात लग्नं. यातलं काहीच अचानक येत नाही, तरी दरवेळी 'या महिन्यात जरा जास्त झालं' असं म्हणून आपण मोकळे होतो.

हिशेब कधी लिहिलाच नसेल, किंवा लिहूनही बचत जमली नसेल, तर पुढच्या क्रमाने जा. वही, पेन, कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. अ‍ॅप आत्ताच घेऊ नका. पहिल्या आठवड्यात पंचवीस रकाने आणि रंगीत आलेख बनवण्यात सगळा उत्साह संपतो, हे मी बऱ्याच जणांचं पाहिलंय.

आधी तीन महिन्यांचं स्टेटमेंट

बँकेच्या अ‍ॅपमधून मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि शक्यतो छापून घ्या. महिने निवडताना दिवाळीचा आणि जूनचा टाळा. आपल्याला साधा, सरासरी महिना कसा जातो ते बघायचंय. मोठे खर्च नंतर वेगळे धरणार आहोत.

आता एकेका ओळीपुढे पेनाने लिहीत जा: किराणा, भाजी-दूध, पेट्रोल, बाहेरचं खाणं, औषधं. इथे एक हमखास अडचण येते. क्यूआर कोड स्कॅन करून दिलेल्या पैशांपुढे स्टेटमेंटवर दुकानाचं नाव नसतं, बऱ्याचदा मालकाचं असतं. तुमच्या लेखी तो कोपऱ्यावरचा चायनीजवाला. कागदावर मात्र कुणाचं तरी पूर्ण नाव आणि पुढे 340.00. अशा वेळी पेमेंट अ‍ॅपच्या इतिहासात वेळ बघा. रात्री पावणेदहाला गेलेले 340 हे जेवणच. सकाळी सातला रोज तेवढेच जाणारे म्हणजे दूध. एकाच नावाला आठवड्यातून दोनदा, दरवेळी वेगळी रक्कम, ती भाजी. अर्ध्या तासात नव्वद टक्के ओळी ओळखू येतात. उरलेल्यांना 'किरकोळ' म्हणा आणि पुढे चला. एटीएममधून काढलेल्या पैशांपुढे फक्त 'रोख' लिहा, त्याचा माग काढत बसू नका.

दहा-बारा रकाने पुरेत. तिन्ही महिन्यांची बेरीज करून तीनने भागा.

एक घर उदाहरणाला घेऊ

चिंचवडमध्ये भाड्याने राहणारं एक कुटुंब धरा. नवरा चाकणच्या कंपनीत, हातात येणारा पगार 38,000. व्यवसाय कर, पीएफ सगळं कापून जे खात्यात पडतं तेच धरायचं. सीटीसीचा, म्हणजे कंपनी वर्षाचा एकूण पगार म्हणून सांगते तो, आकडा विसरा. बायको घरी शिकवण्या घेते, महिन्याला 9,600 येतात, पण एप्रिल-मे बंद. म्हणजे वर्षाचे 96,000, बाराने भागले की 8,000. ज्यांची कमाई अशी खालीवर होते त्यांनी असंच भागून धरायचं आणि भरल्या महिन्यातले जास्तीचे 1,600 बाजूला ठेवायचे. एकूण जमा 46,000.

खर्च असा: भाडं 13,000, किराणा 6,000, भाजी-दूध-फळं 4,500, वीज-गॅस-मोबाइल-इंटरनेट 2,800, पेट्रोल 2,600, गावी आईवडिलांना 4,000, मोबाइलचा ईएमआय 1,700, मुलीची शाळेची व्हॅन 1,500, बाहेरचं खाणं 3,200, औषधं 1,000, ऑनलाइन खरेदी आणि किरकोळ 2,700. बेरीज 43,000.

म्हणजे दरमहा 3,000 उरायला हवेत. उरत नाहीत.

वर्षाचे खर्च बाराने भागा

या लेखातली दुसरी कुठलीच पायरी केली नाहीत तरी चालेल, पण ही करा. भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि जानेवारीपासून एकेक पान उलटत, त्या महिन्यात काय येतं ते लिहा. सोबत मागच्या वर्षाचं स्टेटमेंट घेऊन दोन हजारांच्या वरची प्रत्येक रक्कम तपासा. विसरलेल्या गोष्टी तिथेच सापडतात: दुचाकीचा विमा, सोसायटीचं वार्षिक काही, भाचीच्या बारशाला दिलेली अंगठी.

आपल्या चिंचवडच्या घरात शाळेची फी दोन हप्त्यांत 28,000 आहे. वह्या, गणवेश, बूट 5,000. एलआयसीचा वार्षिक हप्ता 12,000. दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग 4,000. गणपती-दिवाळी, कपडे, फराळ आणि गावी येणं-जाणं 15,000. मे महिन्यातले आहेर आणि प्रवास 8,000. एकूण 72,000, म्हणजे महिन्याला 6,000.

आता पुन्हा बघा. कागदावर 3,000 उरत होते. प्रत्यक्षात दरमहा 3,000 कमी पडताहेत. वर्षाला 36,000 ची खोट. त्यातली काही दिवाळीच्या बोनसने भरली जाते, बाकीची क्रेडिट कार्डावर किंवा कुणाकडून तरी हातउसने घेऊन. हे घर उधळं नाही. त्यांना फक्त हा 36,000 चा आकडा कधी एका जागी दिसलेला नाही.

या 6,000 साठी वेगळं बचत खातं ठेवा. पगार झाला की तिथे टाका, आणि शाळा, विमा, सण यांचे पैसे त्याच खात्यातून द्या. एक खाचखळगा आहे. हे खातं तुम्ही एप्रिलमध्ये सुरू केलंत तर जूनमध्ये अडाल, कारण तोवर दोन-तीनच महिन्यांचे पैसे जमलेले असतात आणि समोर फी उभी असते. दिवाळीनंतर, फीचा दुसरा हप्ता भरून सुरुवात केली तर या घराचं खातं वर्षभर कुठेच अडत नाही. मी महिनेवार मांडून पाहिलं. तुमच्यासाठी योग्य महिना कुठला, हे असंच मांडून बघा. मधेच सुरू करायचं असेल तर पहिल्या वर्षी जिथे कमी पडेल तिथे आपल्याच ठेवीतून उसने घ्या आणि बोनस आला की परत टाका. कधी परत टाकणार ती तारीख वहीत लिहून ठेवा.

ध्येय म्हणजे रक्कम आणि तारीख

'थोडी बचत करायची' हे ध्येय नाही. आपल्या कुटुंबाला दहा वर्षं जुनी स्कूटर बदलायची आहे, रोख पैशांनी, दीड वर्षात. जाहिरातीतली किंमत बहुधा एक्स-शोरूम असते. त्यावर आरटीओचा कर, नोंदणी आणि विमा चढतो. शोरूममध्ये जाऊन ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या. समजा ते 90,000 निघालं. अठरा महिने, म्हणजे महिन्याला 5,000.

त्याआधी दोन गोष्टी बघा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा. तिथे महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं आणि रिकरिंग ठेवीवर, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीवर, वर्षाला सहा-सात टक्के मिळतात. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, तेवढीच भरत राहून दुसरीकडे बचत करणं म्हणजे तोटाच. दुसरं, किमान एका महिन्याचा घरखर्च हात न लावता बाजूला असावा. आपल्या घराकडे 30,000 ची मुदत ठेव आहे. भाडं आणि किराणा त्यातून सुटतो, तेव्हा चालेल. स्कूटर झाल्यावर ही ठेव तीन महिन्यांच्या खर्चाएवढी करायची.

खोट भरायची कुठून

तर आधीची खोट 3,000 आणि स्कूटरचे 5,000, असे दरमहा 8,000 शोधायचे आहेत. इथे सगळे सल्लागार चहावर घसरतात. चहा बंद करून स्कूटर येत नाही, आणि चहा बंद केलेला माणूस पंधरा दिवसांत बजेटही बंद करतो. मोठ्या आकड्यांकडे बघा आणि त्यातले कुठले हलतात ते ठरवा.

अमेरिकेतून आलेला पन्नास-तीस-वीसचा नियम तुम्ही वाचला असेल: गरजा पन्नास टक्के, हौस तीस, बचत वीस. पुण्या-मुंबईत भाडं भरून गावी पैसे पाठवणाऱ्याच्या गरजाच सत्तर टक्क्यांच्या पुढे जातात. तो नियम पाळता आला नाही म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

भाडं आज हलत नाही. करार संपेल तेव्हा बघू. गावचे 4,000 हलवायचे नाहीत. हे हिशेबाने ठरत नाही, घरात बसून ठरतं, आणि या घरात ठरलेलं आहे. किराण्यात फार ताणू नका. महिन्याची यादी करून एकदाच भरलात तर काही वाचेल, पण ते वाचल्यावर धरा, आधी नको.

हलतं ते असं. पेट्रोल: आठवड्यातून तीन दिवस कंपनीच्या बसने गेलं तर 2,600 चे 1,600 होतात. बाहेरचं खाणं 3,200 वरून 2,000. शून्य लिहू नका, शून्य कुणालाच जमत नाही. ऑनलाइन खरेदी 2,700 वरून 1,500. कुणी न बघणारं एक ओटीटी आणि गरजेपेक्षा मोठा डेटा प्लॅन काढला की 300. बोनस मागच्या वर्षी 20,000 होता, म्हणून यंदा निम्माच धरा, 10,000, आणि तो वर्षाच्या खात्याला लावा. मग तिथे दरमहा 6,000 ऐवजी साधारण 5,200 टाकले तरी भागतं. अशी बेरीज 4,500 झाली.

वीजबिलाचं एक वेगळं लिहायला हवं. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो; 100 युनिटच्या पुढे आणि पुन्हा 300 च्या पुढे प्रत्येक युनिट महाग होतं. एप्रिल-मे महिन्यात कूलर लागला की बिल दुप्पट का होतं, याचं उत्तर यात आहे. म्हणून विजेचा आकडा वर्षाच्या सरासरीने धरा, हिवाळ्याच्या बिलावरून नको. असंच एक छोटं, मुंबईकरांसाठी: लोकलचा तिमाही पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो.

बसत नाही, मग?

8,000 हवेत, 4,500 सापडले. त्यातले 3,000 जुनी खोट भरण्यात गेले. हातात उरले 1,500. मोबाइलचा ईएमआय चार महिन्यांनी संपतो, त्यानंतर ते 3,200 होतील. अठरा महिन्यांत चार वेळा 1,500 आणि चौदा वेळा 3,200, म्हणजे 50,800. स्कूटर 90,000 ची.

बरेच जण इथे किराण्याचा आकडा पेनाने 6,000 चा 4,000 करतात आणि बेरीज जुळवतात. कागद खूश होतो, पुढच्याच महिन्यात वाण्याकडे उधारी होते. तसं करू नका. खरे मार्ग तीनच. तारीख पुढे न्या: याच वेगाने 90,000 व्हायला एकूण अडीच वर्षं लागतील. रक्कम कमी करा: 50,000 च्या आसपास चांगली वापरलेली स्कूटर बघा, आरसी आणि विमा नीट तपासून. किंवा कमाई वाढवा: जूनमध्ये शिकवणीची नवी बॅच सुरू होताना दोन मुलं जास्त घेता येतील का, फी वाढवता येईल का. माझं मत विचाराल तर पहिलं ध्येय छोटं आणि पुरं होणारं असावं, म्हणून मी वापरलेल्या गाडीकडे झुकेन. पण हा निर्णय नवरा-बायकोने मिळून घ्यायचा. एकट्याने ठरवलेलं बजेट दुसरा मनापासून पाळत नाही. आणि दोघांनाही थोडा हातखर्च ठेवा, अगदी 500 का असेना, ज्याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. 'किरकोळ'च्या 1,500 मध्येच तो बसवा.

शोरूमवाला म्हणेल, कशाला थांबता, आजच न्या, हप्ता फक्त 3,500. त्याला उत्तर देण्याआधी सहा महिने तेवढीच रक्कम स्वतःच्या रिकरिंग खात्यात भरून बघा. जमलं तर हप्ता झेपेल की नाही ते कळलं, शिवाय 21,000 हातात. नाही जमलं तर बाउन्सचा दंड न भरता कळलं.

पैसे ठेवायचे कुठे, आणि कधी

दीड वर्षासाठी बँकेचं रिकरिंग, म्हणजे आरडी, साधं आणि योग्य. पोस्टाची आरडी चांगली आहे, महिन्याला 100 रुपयांपासून सुरू होते, पण ती पाच वर्षांची. तीन वर्षांनी मोडता येते आणि तेव्हा व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. त्यामुळे ती लांबच्या कामाला. पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निधी खातं, तर पंधरा वर्षांचं. तिथे दरमहा भरत असाल तर 5 तारखेच्या आत भरा, कारण त्या महिन्याचं व्याज 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिलकीवर धरतात. शेअर बाजाराशी जोडलेली एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकणं, दहा वर्षांच्या ध्येयाला ठीक. ज्या पैशांची दीड वर्षांनी गरज ठरलेली आहे, ते तिथे नेऊ नका.

बँक कुठली? सहकारी असो की राष्ट्रीयीकृत, ठेव विम्याखाली एका ठेवीदाराचे एका बँकेतले व्याजासह 5 लाखांपर्यंत पैसे सुरक्षित असतात. 2020 पासून ही मर्यादा आहे. पतसंस्थेला मात्र हा विमा लागू नाही. दीड-दोन टक्के जास्त व्याज देणारी गल्लीतली पतसंस्था निवडताना एवढं ध्यानात असू द्या.

आणि भिशी? पुस्तकी लोक तिला नाक मुरडतात. मी मुरडत नाही. ओळखीच्या दहा जणींची भिशी शिस्त लावते, कारण चार लोकांत हप्ता चुकवायची लाज वाटते. ही लाज कुठलंही अ‍ॅप निर्माण करू शकत नाही. पण व्याज नाही, आणि कुणी मधेच सोडून गेलं तर दाद मागणं अवघड. छोट्या रकमेला, पक्क्या ओळखीत, ठीक.

आरडीचे आणि वर्षाच्या खात्याचे पैसे कापले जायची तारीख पगारानंतर एक-दोन दिवसांनी ठेवा. पगार कधी 1 ला, कधी 7 ला होत असेल तर 10 तारीख घ्या. महिनाअखेरीस 'जे उरेल ते टाकू' असं म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही. वर्षाच्या खात्याचं डेबिट कार्ड घरातल्या कपाटात ठेवा आणि ते खातं फोनमधल्या यूपीआयला जोडू नका. पैसे काढायला थोडी तंगडतोड पडावी, एवढाच हेतू.

हातातल्या खर्चासाठी यूपीआय लाइट, म्हणजे पेमेंट अ‍ॅपमधलं आधी पैसे भरून ठेवायचं छोटं पाकीट, उपयोगी पडतं. भाजी, दूध, बाहेरचं खाणं यांचे आठवड्याचे पैसे सोमवारी त्यात भरा आणि आपोआप टॉप-अप बंद ठेवा. संपले की संपले. अडचण एवढीच की लाइटमधले छोटे व्यवहार स्टेटमेंटवर एकेक दिसत नाहीत, फक्त भरलेली रक्कम दिसते. म्हणून पहिले तीन महिने लाइट न वापरता खर्च ओळखून घ्या, मग वळा.

महिना चालू असताना

25 तारखेच्या आसपास पंधरा मिनिटं बसा. कुठे जास्त गेलं ते बघा आणि ते पैसे दुसऱ्या रकान्यातून घ्या. पाहुणे आले, बाहेरच्या खाण्यात 700 जास्त गेले, तर या महिन्यात ऑनलाइन खरेदी 800. आरडीला हात लावायचा नाही. एखादा रकाना लागोपाठ तीन महिने ओलांडला जात असेल तर दोष तुमचा नाही, आकडा चुकलाय. तो वाढवा आणि बाकीचं पुन्हा बसवा, मग ध्येयाची तारीख दोन महिने पुढे गेली तरी हरकत नाही. दवाखान्यासारखं मोठं काही आलं तर बाजूची ठेव त्यासाठीच आहे. ती वापरा आणि पुढचे काही महिने ध्येयाऐवजी ती भरून काढा.

पगारवाढ झाली की वाढलेला पहिला पगार हातात पडण्याआधी निम्मी वाढ बचतीला लावून टाका. चालू आरडीची रक्कम साधारण बदलता येत नाही, तेव्हा दुसरी छोटी आरडी काढायची. आपल्या घरातही असंच: 1,500 ची एक आधी, आणि ईएमआय संपल्यावर 1,700 ची दुसरी. दुसरी काढताना मुदत चौदा महिन्यांची ठेवा, म्हणजे दोन्ही एकदमच संपतील.

मुदत संपली की आरडीचे पैसे गुपचूप पगाराच्या खात्यात येऊन पडतात, आणि तिथे ते दोन महिन्यांत किराण्यात मिसळून जातात. म्हणून ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. त्याच आठवड्यात गाडी घ्यायची, नाहीतर तीन महिन्यांची मुदत ठेव करायची. आणि दरमहा जाणारे 3,200 पुढच्या महिन्यापासून लगेच नव्या आरडीत, या वेळी तीन महिन्यांच्या घरखर्चाच्या ठेवीसाठी.